फिरत्या कॅमेऱ्याची आठ दिवसांची परीक्षा

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, पण जुना म्हणून नाक मुरडू नका! माझी मान अजून गरागरा फिरते. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, म्हणाल तिकडे. भिंतीला चिकटून जन्मभर एकाच दाराकडे पाहणारे कॅमेरे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी त्यातला नाही. दूरच्या बैलाच्या शिंगाला बांधलेला गोंडासुद्धा मी अगदी जवळ आणून दाखवतो. आहे की नाही गंमत?

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून निघालो तो थेट बोथ गावाजवळच्या हमरस्त्यावरच्या ढाब्यावर. ट्रकांची केवढी वर्दळ! ढाब्याचा मालक गिऱ्हाइकांना मोठ्या ऐटीत सांगायचा, "देखो, गर्दन घुमाता है!" मग ढाबा बंद पडला. दोन वर्षं माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. गांधीलमाश्यांनी माझ्या पोटाखाली पोळं केलं. फार वाईट वाटायचं हो.

एके दिवशी पंकज वायरमनने मला खाली उतरवलं, पुसून लख्ख केलं आणि तलमडुगुकडच्या एका खेड्यात नेलं. त्या गावात वाघ आला होता. खरोखरचा वाघ! नदीपलीकडच्या रानातून येऊन तो नाल्याकाठी दोनदा दिसला होता. शेतात कापूस फुटून पांढराशुभ्र झालेला, आणि वेचायला जायची बायांना धास्ती.

गावचे वडीलधारे शेतकरी सुधाकरराव म्हणाले, "एका दारावर नजर ठेवायची असती त एका जागी बसणारा कॅमेरा बरा होता. पन हे त सत्तर एकराचं शिवार हाय. फिरता लावून पाहू आठ दिवस. जमलं त ठेवू, नाई त वापस."

म्हणजे माझी परीक्षाच! शेताच्या मधोमध खांब उभा राहिला. वर मी, माझ्या शेजारी उन्हावर वीज करणारी पाटी आणि खाली एक भोंगा. माझं चित्र दिसायचं पंचायतीच्या ऑफिसात, शुभांगीच्या संगणकावर. शुभांगी तिथली कारकून. पंकजने तिला सगळं समजावलं आणि म्हणाला, "ताई, तुमी आपलं काम करा. जे हालंल त्याच्या मागं हा सोताच मान फिरवते. कोणी बसाची गरज नाई."

आता एक गोष्ट नीट ऐका. मी यायच्या आधी बायांची एक रीत होती. दहाजणी कापूस वेचत आणि अकरावी बांधावर उभी राहून चौफेर पाहत असे. हातात ताट आणि लाटणं. काही दिसलं की ठणठणाट! पाळीपाळीने हे काम चाले. शुभांगीची मावशी चंपाबाई या बायांची म्होरकी. मला पाहताच ती म्हणाली, "आता हा हाय ना राखाले! मंग एक बाई रिकामी काऊन उभी ठेवाची? चला वं, समद्याजणी वेचू."

बांधावरची बाई खाली उतरली. मी असा काही फुगलो! वाटलं, बघा, आपण एकटे अकराव्या बाईच्या जागी! अरे वेड्या, तुला डोळा एकच आणि तोही एका वेळी एकाच दिशेला, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिले पाच दिवस मी जे हलेल त्याच्या मागे धावलो. बकऱ्या, बगळे, सायकलवरचा पोस्टमन, एकदा तर सुधाकररावांचं उडालेलं उपरणं! ते वैतागून म्हणाले, "ह्यानं त पाच दिवस बकऱ्याच राखल्या, बापा!"

सहाव्या दिवशी भर दुपारी रस्त्यावरून एक ट्रॅक्टर निघाला. त्याच्यावरची ताडपत्री फडफड उडत होती. झालं, माझी मान वळली! आणि वळता वळता मला दिसलं की नाल्याकाठचं गवत वारा नसताना दुभंगलं. चंपाबाई आपल्या ओळीत वाकून वेचत नेमकी तिकडेच चालली होती. सगळ्यांच्या पुढे, एकटी. थांब गं माने, थांब! मी आतल्या आत ओरडत होतो. मान मात्र ट्रॅक्टरच्या मागे खुशाल चालली होती.

शुभांगी कसलासा अर्ज भरत होती. तिने सहज पडद्याकडे पाहिलं. ट्रॅक्टर दिसला, आणि त्याच्यामागे मोकळा बांध.

"अगं बाई! बांधावर कोणीच काऊन नाई?"

तिने अर्ज बाजूला सारला आणि माझी मान आपल्या हाती घेतली. फिरवली, फिरवली, नाल्यावर आणली. गवत जवळ ओढलं. अजून जवळ. पिवळं अंग, त्यावर काळे पट्टे!

तिने मावशीला फोन लावला. तो वाजला बाभळीला टांगलेल्या भाकरीच्या पिशवीत. कोण उचलणार? मग तिला खांबावरचा भोंगा आठवला. तिने संगणकाचा माइक तोंडाशी ओढला.

"चंपामावशी! तितंच थांब! समोर वाघ हाय! पयू नको, पाठ दाऊ नको, हयूहयू मागं ये! बाकीच्या समद्या एका जागी व्हा, जोरानं ओरडा!"

मित्रांनो, माझ्या खांबातून माणसाचा आवाज निघाला! चंपाबाई ताठ झाली. तिच्यात आणि गवतात आठ-दहा ओळींचं अंतर होतं. तिने एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. मागे बायांनी असा गलका केला की काय सांगू! वाघ उठून उभा राहिला. केवढा होता तो! त्याने एकवार सगळ्यांकडे पाहिलं, वळला आणि नाला ओलांडून पळसांत शिरला. शुभांगीने माझी नजर शेवटपर्यंत त्याच्यावरून हलू दिली नाही.

त्याच संध्याकाळी सगळे पंचायतीपुढे जमले. सुधाकरराव खुशीत म्हणाले, "आठ दिवस कायले, कॅमेरा आजच पास!" टाळ्या पडल्या.

"पास कायचा?" चंपाबाई म्हणाली. "शुभांगीनं मान फिरवली नसती त हा ट्रॅक्टरच पायत बसला असता. अन् चूक माही बी हाय. बांधावरची बाई म्याच उतरवली."

मला राग आला हो! पण ती बोलली त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

शेवटी ठरलं की मला ठेवायचं. एवढं मोठं शिवार एका जागी बसणाऱ्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात येणारच नव्हतं. मात्र वेचणी चालू असेतो पडद्यापुढे कोणीतरी बसलंच पाहिजे. कापसाच्या कोठारावर साधा, न हलणारा कॅमेरा लागला. त्याला एकच दार सांभाळायचंय आणि ते तो डोळा न हलवता सांभाळतो.

तर मित्रांनो, माझ्यासारख्याला घरी किंवा शेतावर आणाल, तर आधी विचारा, जागा किती मोठी आहे आणि माझी मान धरायला कोण बसणार आहे? माझी काच पुसत जा. पण माझ्या भरवशावर आपले डोळे मात्र मिटू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाबाई स्वतः बांधावर चढली, कमरेला पदर खोचला आणि मान वर करून मला म्हणाली, "तू तिकडं पाय, मी इकडं पायतो."

मी तिच्याकडे बिनधास्त पाठ फिरवली.