अर्ध्या मिनिटाची शांतता

मित्रांनो, विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटात, पृथ्वीच्या गोलाशेजारी, विटक्या हिरव्या कापडाखाली जी जड पेटी आहे, ती मी. मी टेपरेकॉर्डर आहे. दोन चकत्यांवर टेप फिरवणारा, जुन्या पद्धतीचा. मुलुंडच्या तुमच्या या शाळेत येण्याआधी मी नऊ वर्षे सिनेमात काम केले. त्या काळात हजारो आवाज माझ्यातून गेले आणि बहुतेक मी विसरलो. एक मात्र विसरता येत नाही, कारण तो मी घ्यायला नको होता.

परदेशातल्या कारखान्यात कोणीतरी माझे स्क्रू आवळले, एवढेच मला माझ्या जन्माबद्दल ठाऊक. खरा घडलो तो अंधेरीत, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, शिवदासच्या हाताखाली. शिवदास सिनेमांसाठी ध्वनिमुद्रण करायचा. रोज सकाळी तो स्पिरिटच्या बोळ्याने आधी मला पुसायचा आणि मग स्वतःचा चष्मा.

त्याने मला एक गोष्ट शिकवली, ती तुम्हीही ऐका. शांतता सगळीकडे सारखी नसते. तुमच्या वर्गाची शांतता वेगळी, देवळाची वेगळी. भिंती, पंखा, बाहेरचा रस्ता, या सगळ्यांची मिळून खोलीत एक बारीक गुणगुण असते. सिनेमाचे तुकडे जोडताना मध्ये फटी राहतात. तिथे त्याच खोलीची शांतता भरावी लागते, नाहीतर प्रेक्षकाला कानात दडे बसल्यासारखे वाटते. म्हणून प्रत्येक ठिकाणचे काम आटोपले की शिवदास हात वर करून ओरडायचा, "अर्धा मिनिट शांतता! कोणी हलायचं नाही!" मग सगळे असतील तिथे पुतळ्यासारखे उभे राहत आणि मी ती शांतता टिपून घेई.

"आपल्या पेटीला मुंगीचं पाऊलही ऐकू येतं," असे तो चारचौघांत सांगायचा. ते ऐकून मी फुशारून जायचो. माझ्या अपराधाचे मूळ कदाचित त्या फुशारकीतच असेल.

त्र्याऐंशी साली विद्याधर नावाचे एक दिग्दर्शक गाळ्यात आले. त्यांना मनातल्या भीतीचा सिनेमा करायचा होता. भूत नाही, खून नाही. घरात एकटी असलेली एक बाई, आणि घरात आणखी कोणीतरी आहे असा तिला येणारा संशय.

"सुरुवातीची दोन मिनिटं जमली की सिनेमा जमला," ते म्हणाले. "बाई दाखवायचीच नाही. आधी काळा पडदा, नुसती घड्याळाची टिकटिक. मग दाराची कडी. मग पलंग. त्यावर दोन उशा, एकच चुरगळलेली."

"काळा पडदा किती वेळ?" जयंतीने विचारले. सिनेमाचे तुकडे कापून जोडण्याचे, म्हणजे संकलनाचे काम तिचे होते.

"आठ सेकंद."

"आठ? लोक ऑपरेटरला शिव्या घालतील हो!"

"घालू देत ना. तेवढ्यात कान तर टवकारतील."

"बरं. पण उशांनंतर एक आवाज पाहिजे. नाहीतर नुसतं फर्निचरचं दुकान दिसेल."

तो एक आवाज काही मिळेना. शिवदासने भांडी पाडून पाहिली, बिजागऱ्या कुरकुरवल्या. नायिकेने सतरा वेळा श्वास रोखला आणि सतराही वेळा तो खोटा वाटला.

चित्रीकरणासाठी घाटकोपरमधले सुगंधाबाईंचे दोन खोल्यांचे घर मिळाले. सुगंधाबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे यजमान मागच्या दिवाळीनंतर वारले होते आणि त्या एकट्याच राहत. त्यांनी घर आनंदाने दिले. अट एकच घातली.

"घर काय ते वापरा, पण माझा रेडिओ बंद करायचा नाही."

"बाई, रेडिओ चालू असला तर माझी वाट लागेल," शिवदास म्हणाला.

"सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत चालू असतो तो. बंद झाला की घर खायला उठतं, माहितेय?"

"शॉट घेताना राहू दे चालू, ते मुकेच आहेत, त्यांचे आवाज नंतर भरायचेत. शेवटी फक्त अर्धा मिनिट बंद करू. मग मी स्वतः लावून देतो."

बाईंनी रेडिओवर हात ठेवला. "अर्धाच मिनिट हां," त्या म्हणाल्या.

खिडक्यांवर काळी कांबळी ठोकून भर दुपारी रात्र तयार केली. कडी झाली, पलंग झाला, उशा झाल्या. मग शिवदासने रेडिओ बंद केला आणि हात वर केला. सगळे थिजले. सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभ्या होत्या, आणि माझा माइक त्या पडद्याला लागूनच ठेवलेला होता.

कित्येक महिन्यांनी ते घर गप्प झाले होते. बाराव्या सेकंदाला मला पडद्यामागून आवाज ऐकू आला. अगदी हलका, आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तसा.

"अहो... आयकलात?"

आणि त्यामागे गिळलेला एक हुंदका.

इतर कोणाला काही कळले नाही. शिवदासच्या कानांवर हेडफोन होते. त्याने चमकून पडद्याकडे पाहिले. तो हात खाली करू शकला असता. त्याने केला नाही. आणि मी? चकत्या फिरवणारा माझा पट्टा जुना होता, तापला की घसरायचा आणि आवाज बिघडायचा. त्या दुपारी घराची भट्टी झाली होती. घसरायला इतके चांगले निमित्त मला पुन्हा मिळाले नसते. पण मी घसरलो नाही. उलट अधिकच नेटाने फिरत राहिलो. इतका नाजूक आवाज मी पूर्वी कधी पकडला नव्हता, आणि मला स्वतःचेच कौतुक वाटत होते.

शिवदासने बोलल्याप्रमाणे रेडिओ लावला. बाई तोंड धुऊन बाहेर आल्या. "चहा टाकलाय, घेऊन जा," एवढेच म्हणाल्या.

अंधेरीला परतल्यावर विद्याधरांनी टेप ऐकली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"हे काय आहे?"

"काही नाही सर. घरातल्या बाई आहेत. शांतता खराब झाली."

"खराब? अरे यार, हाच तर तो आवाज! ऐक ना, बाई नवऱ्याला हाक मारतेय आणि उशी रिकामी आहे. काटा आला माझ्या अंगावर!"

"पण त्यांना विचारायला हवं," जयंती म्हणाली.

"विचारू ना. आधी जुळतंय का ते बघू."

ते जुळले. इतके जुळले की पुढे विचारायचे धैर्य कोणालाच झाले नाही. विद्याधर म्हणत शिवदास विचारेल, शिवदास म्हणे दिग्दर्शकांनी विचारावे. सहा महिने गेले.

सिनेमाची पहिली प्रत निघाली, तेव्हा अंधेरीच्या एका छोट्या थिएटरात दुपारी खास खेळ ठेवला. घर दिले म्हणून सुगंधाबाईंना आग्रहाचे बोलावणे होते. त्या मोरपंखी लुगडे नेसून, केसांत अबोली माळून आल्या. प्रेक्षक कुठे दचकतात हे टिपायला मला शिवदासच्या मांडीवर बसवले होते.

काळा पडदा. टिकटिक. कडी. दोन उशा.

"अहो... आयकलात?"

सगळे थिएटर दचकले. मागे कोणीतरी घाबरून हसले आणि कोणीतरी म्हणाले, "झकास!" पुढच्या रांगेतून सुगंधाबाई उठल्या आणि अंधारात चाचपडत बाहेर गेल्या. शिवदास मला काखोटीला मारून मागोमाग धावला. विद्याधर आणि जयंतीही आले.

"ती पेटी आधी बंद करा," बाई म्हणाल्या. मी अजून चालूच होतो. शिवदासने घाईने बटण दाबले.

"बाई, रागावू नका," विद्याधर म्हणाले. "केवढा परिणाम झाला बघा. तुमच्या आवाजातली ती भीती..."

"भीती?" बाईंची बोली एकदम गावाकडची झाली. "मी घाबरलंय नाय. मी त्यांका हाक मारली. तां तुमच्यासाठी नव्हतां." मग त्या शिवदासकडे वळल्या. "तुम्ही शांतता मागितलीत, मी दिली. दुसरं काय घेतलंत, ते सांगितलंत पण नाही."

 विद्याधर म्हणाले, "तो आवाज काढला तर माझी सुरुवातच मरेल हो."

"मग मरू दे," जयंती म्हणाली. "बाकीच्या प्रती अजून निघायच्यात. मी आजच कापते."

तिने ती हाक काढली आणि त्या जागी हाकेच्या आधीची शांतता जोडली.  सिनेमा लागला. काही जण म्हणाले, सुरुवात संथ आहे. असेलही. पण विद्याधरांनी ती हाक पुन्हा मागितली नाही.

पुढच्या रविवारी शिवदास मला घेऊन घाटकोपरला गेला. "तुमच्यासमोरच पुसायचं म्हणून थांबलो," तो म्हणाला.

"पुसण्याआधी एकदा ऐकवा." बाईंनी स्वतः उठून रेडिओ बंद केला.

मी वाजलो. त्या पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मग डोळ्यांत पाणी असतानाच किंचित हसल्या. "माझो आवाज इतको बारीक? ते नेहमी म्हणायचे, तुझी हाक नाक्यावर ऐकू येते."

शिवदासने टेप मागे घेतली आणि त्यांचे बोट जुन्यावर नवे टिपणाऱ्या लाल बटणावर ठेवले. त्यांनी ते दाबले. हाक पुसली गेली आणि तिच्या जागी त्या खोलीची शांतता भरत गेली. शिवदास सवयीने रेडिओ लावायला उठला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बसा जरा."

दोघे न बोलता बसून राहिले. मीही.

पुढे नवी यंत्रे आली आणि शिवदासने मला तुमच्या शाळेला दिले. पुसलेल्या टेपवर काही उरत नाही, असे तो म्हणायचा. टेपवर नसेल उरले. मला मात्र कपाटात गोलाशेजारी बसल्या बसल्या ती हाक ऐकू येते, आणि त्याहून जास्त माझी त्या वेळची खुशी आठवते.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायला विसरलात तरी चालेल. पण कोणाचाही आवाज घेण्याआधी त्या माणसाला विचारा.

गेल्या आठवड्यात सहावीतल्या शुभाने मला बाहेर काढले. तिला शिपाई सीतारामकाकांचे भजन टिपायचे होते. तिने टेप लावली, लाल बटणावर बोट ठेवले, आणि दाबण्याआधी मान वर केली.

"काका, लावू?"

"आज नको गं पोरी," काका म्हणाले. "आज मन नाही."

शुभाने बोट उचलले. काकांनी मग खिडकीशी उभे राहून, मन नाही म्हणत म्हणत, तेच भजन हळूच गुणगुणले. मी सगळे ऐकले, आणि त्यातला एक सूरही माझ्याजवळ ठेवला नाही.