गुडघ्याची वाटी

आईचं दहावं झालं, पाहुणे गेले. दुपारी साळूमावशी चहा घेऊन आली. खोडदला तिचं घर आमच्या शेजारीच. कांद्याच्या लागणीला ती आणि आई चाळीस वर्षं शेजारी बसल्या. खाली टेकताना तिने गुडघा धरला.

"पटेला लई ठणकती गं."

मी कप खाली ठेवला. "हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"तुझ्या आयनं, कुशानं. आमा समद्या बायांना शिकावला. म्हणायची, दवाखान्यात वाटी म्हणू नगा, हसत्यात. लंकाबाईला तर धा येळा घोकायला लावलं. ती आपली म्हणती, पटेल का पाटील, एक काय ते सांग बाई!"

मावशी हसली. कोण हसलं होतं, ते आईने त्यांना सांगितलेलं दिसत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मंचरला आई डॉक्टरांना म्हणाली होती, "वाटी जागेवर न्हाई, साहेब." मी पुण्यात नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवते. मी हसून म्हणाले, "आई, पटेला म्हण. वाटी स्वयंपाकघरात असते." मग डॉक्टर हसले, नर्सही हसली. आईने लुगडं गुडघ्यावरून खाली ओढलं. त्यानंतर कुठल्याही डॉक्टरने काही विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची. "हिला इचारा. मला नीट सांगता येत न्हाई."

"त्या गुरुवारी तिच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा काय म्हणाली?" मी विचारलं.

मावशी पदराचं टोक पिळत राहिली. "मी म्हणलं, चल नारायणगावला. तर म्हणती, रविवारी साधना येती. ती सांगल नीट."

शनिवारी सकाळी आई गेली.

पटेला शब्द लॅटिन. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात मी तो फळ्यावर लिहिते आणि मुलींच्या लक्षात राहावा म्हणून अर्थही सांगते. मंचरला तो अर्थ मला माहीत नव्हता, असं नाही.

"पर पटेला म्हंजी काय गं?" मावशीने विचारलं.

नसतं सांगितलं तरी चाललं असतं. तिला दुसरं कोण सांगणार होतं?

"वाटी," मी म्हणाले. "त्या भाषेत छोट्या उथळ भांड्याला पटेला म्हणतात."

मावशीचा हात गुडघ्यावर थांबला.

"मग कुशा काय येगळं म्हणत व्हती? आन् तिला हसलं तरी कोण मेलं?"

"मी," मी म्हणाले.