वाडीकर ऑफलाइन

बाराव्या दिवशीही वाडीकरच्या नावापुढचा ठिपका राखाडीच होता.

संयोगितानं चहाचं पातेलं गॅसवर चढवलं, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि गेम बंद करून पुन्हा उघडला. नेट नीट नसलं की ठिपका उशिरा हिरवा होतो, अशी तिनं आपली आपण समजूत घातली होती. चहा उतू गेला. ठिपका होता तसाच.

त्रेचाळीस वर्षांची बाई, कसबा बावड्यातल्या शाळेत क्लार्क, आणि रोज संध्याकाळी सात ते आठ बंदूक घेऊन बेटावर उतरते, हे शाळेत कळलं असतं तर सगळे पोट धरून हसले असते. मुलगी अवंतिका पुण्याला शिकायला गेली, तेव्हा तिनंच जाता जाता हा गेम आईच्या फोनमध्ये टाकला होता. "मम्मी, घर खायला उठलं की खेळ," म्हणाली होती. पहिले काही दिवस संयोगिता बेटावर पाय टेकला की मरायची. मग तिची जोडी वाडीकरशी जुळली. दोघादोघांच्या पन्नास जोड्या उतरायच्या, शेवटी जी उरेल ती जिंकली. हिनं नाव घेतलं होतं बावडेकरीण, त्याचं होतं वाडीकर, नृसिंहवाडीचा म्हणून. तीन वर्षं झाली या गोष्टीला. त्याचं खरं नाव तिला ठाऊक नव्हतं, तोंड पाहिलेलं नव्हतं, नंबर कधी मागितला नव्हता. आवाज मात्र घरातल्या माणसाइतका ओळखीचा झाला होता. 'क' आला की जरा अडखळायचा आणि तिला 'ताईसाहेब' म्हणायचा.

नवऱ्याला, अमरसिंहला, गेमचं ठाऊक होतं. उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभं राहून तो घरी यायचा आणि "झाली का लढाई?" एवढंच विचारायचा. पण जोडीला कायम एकच माणूस असतो, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण आता सांगायला जावं, तर इतके दिवस लपवलं असंच झालं असतं.

खेळता खेळता महागाईचा विषय रोज निघायचा. गोळीबार चालू असताना ती तेलाच्या डब्याचं रडगाणं गायची, तो दुधाचं आणि साखरेचं.

"पूर्वी माणूस वस्तू इकत घ्यायचा, ती त्याची व्हायची," तो म्हणायचा. "आता समदं भाड्यानं. नेट भाड्यानं, पिक्चर भाड्यानं. आता ही गेममधली बंदूकबी महिन्याच्या भाड्यानं द्यायला लागलीत. महिना संपला की टाक खाली."

तिला ते पटायचं. घरात तीन फोन, तिघांचे तीन रिचार्ज, आणि एकाचाही भाव कधी खाली आलेला तिनं पाहिला नव्हता. भाजी महागली तर माणूस आमटीवर भागवतो. रिचार्ज थांबवला तर पोरीचा आवाजच थांबणार. मग भरायचाच.

त्या शेवटच्या दिवशी मात्र तो गप्प गप्प होता. एका पडक्या घराच्या छपरावर दोघं लपून बसले होते आणि तो एकदम म्हणाला, "ताईसाहेब, न्हाय परवडत आता. समदंच बंद करायचं बघतोय."

"समदं म्हणजे?" तिनं विचारलं.

त्याचा गडी छपरावर नुसता उभा राहिला. लांबून कुणीतरी त्याला टिपलं, तरी हलला नाही. पडद्यावर अक्षरं आली, 'वाडीकर बाहेर पडला.'

त्या एका शब्दानं तिची झोप उडवली. समदं म्हणजे काय? गेम? धंदा? का आणखी काही? शाळेच्या पटावर नावं चढवताना तिचा हात मध्येच थांबायचा. सकाळी पेपर आला की ती आधी आतलं पान उघडायची, नृसिंहवाडीची बातमी आहे का बघायची, नसली की हायसं वाटायचं आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं, सगळ्यांच्या बातम्या कुठं छापून येतात?

सहाव्या दिवशी तिनं गेमच्या कंपनीला लिहिलं, की माझ्या जोडीदाराचं बरंवाईट झालंय की काय अशी मला भीती आहे, त्याच्याशी कुणीतरी बोला. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'प्रिय खेळाडू, गैरसोयीबद्दल क्षमस्व. तुमच्या खात्यात पन्नास नाणी जमा केली आहेत.' तिनं पुन्हा लिहिलं, नाणी नकोत, हा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. आणखी पन्नास नाणी आली. तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. तो कुठला फोन वापरतो, किती वाजता खेळतो, कुठल्या बंदुकीला भुलतो, हे कंपनीला सगळं ठाऊक. आणि तो आहे का नाही, एवढं सांगायला तिथं एक माणूस नव्हता.

तेराव्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. शाळा सुटल्यावर तिनं अमरसिंहला फोन लावला. "मी जरा नृसिंहवाडीला जाऊन येते. दत्ताच्या दर्शनाला."

"एकटीच? उद्या रविवार हाय, दोघं जाऊ की."

"न्हाय, आजच जावं वाटतंय."

पलीकडं लेथचा आवाज येत राहिला. "बरं," तो म्हणाला. "जपून जा."

एसटीत अर्ध्या तिकिटात बसून ती निघाली आणि वाटेत तिनं जे जे आठवत होतं ते गोळा केलं. खेळताना मागं आरतीच्या घंटा ऐकू यायच्या. आठच्या सुमाराला दुधाची गाडी यायची, मग तो खेळ सोडून पळायचा. एका पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं, तेव्हा दुकानातला फ्रीज माडीवर चढवताना हात दुखावला म्हणून चार दिवस आला नव्हता. दूध, साखर, फ्रीज, म्हणजे माणूस पेढ्याचा दुकानदार असणार. पण वाडीत उतरून ती देवळाच्या वाटेला लागली, तेव्हा तिचं अवसान गळालं. दोन्ही बाजूंनी नुसती पेढ्याचीच दुकानं.

"या ताई, पेढं, बासुंदी, कवठाची बर्फी, चव बघा की!"

"मी जरा एक माणूस शोधतेय," ती म्हणाली. "पेढ्याचं दुकान आहे त्याचं. फोनवर गेम खेळतो."

दुकानदार हसला. "गेम न खेळणारा हितं कोण हाय, ते सांगा आधी."

दुसऱ्या दुकानातही तेच. तिसऱ्यात एकानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काम काय हाय त्याच्याकडं?" ती पुढं सरकली. काय सांगणार? कोण लागतो तो माझा? देवळाच्या अलीकडं एक म्हातारी हार विकत बसली होती. बयाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. संयोगिता तिच्यापुढं खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, हितला एक दुकानदार, बोलताना 'क'वर अडखळतो…"

"धैर्यशील व्हय? चिमणाबाईचा?" म्हातारीनं हातातल्या हाराची गाठ मारली. "दुकान बंद हाय त्याचं. ते बघा की, निळं शटर."

शटरला कुलूप होतं. पायरीवर धूळ साचली होती, कुणीतरी उसाची चिपाडं टाकली होती. संयोगिता जवळ गेली. दुकानापुढं काही कागद लावलाय का, फोटो लावलाय का, हे तिनं आधी बघितलं आणि आपण काय बघतोय ते ध्यानात येऊन ती चरकली.

"तो कुठं असतो आता?" परत येऊन तिनं म्हातारीला विचारलं.

"घर घाटाच्या अंगाला हाय. त्या बोळातनं शेवटचं. पण बाई, तुम्ही कोण त्याच्या?"

"ओळखीची," ती म्हणाली आणि चालू लागली.

बोळ लहानसाच होता, पण तिला तो सरता सरेना. शेवटच्या घराच्या दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. हीच चिमणाबाई असणार. तिच्या कपाळाकडं, हाताकडं, मागच्या अंधाऱ्या खोलीकडं संयोगितानं आळीपाळीनं पाहिलं. घरात सुतक असेल तर कळतं का असं नुसतं बघून?

"कोण पाहिजे?"

"धैर्यशील… आहेत?"

"कुठनं आलासा?"

"कोल्हापूर. बावड्यासनं."

म्हातारीनं मान वळवून आत हाक मारली. "अरं ए, बावड्याच्या कुणी बाई आल्यात बघ."

"क… कोण?" आतून आवाज आला.

संयोगिता उंबऱ्याशेजारच्या पायरीवर बसली. पदर तोंडाला लावून ती रडायला लागली आणि चिमणाबाई घाबरून सूप बाजूला सारून उठली.

बाहेर आला तो चाळिशीतला, किडकिडीत, दाढी वाढलेला माणूस. तो तिच्याकडं बघतच राहिला. मागून त्याची बायको आली, हातात उलथनं. "कोण वो ह्या?"

"ताईसाहेब?" तो म्हणाला. "बावडेकरीण?"

"अगं बया," बायको म्हणाली. "ती गेमातली? मला वाटलंतं, कॉलेजातली पोरगी असंल." आणि मग आपल्या बोलण्याचं तिलाच कसं तरी वाटून, "आत या की. रडू नका. प्रियदर्शनी माझं नाव," म्हणाली.

चहा झाला. तीन वर्षं एकमेकांच्या पाठी राखलेली माणसं परक्या पाहुण्यांसारखी बशीत बघत बसली. मग त्यानं थोडं थोडं सांगितलं. दूध वाढलं, साखर वाढली, गॅस वाढला. अर्धा किलो नेणारं गिऱ्हाईक पावशेर न्यायला लागलं. लोक आता फोनवरनं ऑर्डर देतात, पेढा घरी येतो, वाडीला आलं तर नुसता नमस्कार करून जातात. भाडं थकायच्या आत दुकान सोडलं. जयसिंगपूरला एका गोदामात पॅकिंगचं काम मिळालंय, सोमवारपासून जायचं. चांगला फोन पोरीला कॉलेजसाठी दिला. "माझ्याजवळ हा बटनाचा. ह्यात न्हाय चालत गेम."

प्रियदर्शनी कपबशा घेऊन आत गेली. चिमणाबाई बाहेर तांदळाशी बसली होती. संयोगितानं आवाज उतरवला.

"त्या दिवशी म्हणालासा, समदंच बंद करायचं. समदं म्हणजे काय, वाडीकर?"

तो खिडकीबाहेर बघत बोलला.

"तवा मलाच ठावं न्हवतं, ताईसाहेब. फोन टाकला आन् घाटावर जाऊन बसलो. शेवटच्या पायरीला. पाणी बघत. किती येळ, क… कळलं न्हाय. दुधाची गाडी आली. ड्रायव्हरनं वरनं वरडून इचारलं, दूध घेतोस का परत न्हेऊ? तवा उठलो."

"वहिनींना माहीत आहे?"

"न्हाय."

"परत वाटलं तसं?"

त्यानं हळूच मान हलवली, होय म्हणून.

"मग आज सांगा," ती म्हणाली. "मी हितं आहे तोवर सांगा. मी उठणार न्हाय त्याशिवाय."

"कशाला तिच्या जिवाला घोर, ताईसाहेब…"

"माझ्या जिवाला तेरा दिवस होता की. मी तर तुमची कुणी न्हाय."

परतीची एक एसटी गेली. ती उठली नाही. प्रियदर्शनी हात पुसत बाहेर आली, दोघांची तोंडं बघून जागच्या जागी थबकली. आणि त्यानं सांगितलं. अडखळत, थांबत, 'क' नसलेल्या शब्दांवरही अडखळत. बायको ओरडली नाही, रडली नाही. खाली बसून तिनं त्याचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं.

"सोमवारी दवाखान्यात जायचं," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टरला समदं सांगायचं."

"सोमवारी कामाचा पयला दिवस हाय. पगार कापतील."

"कापू दे."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अमरसिंह दारातच उभा होता. चपला काढायच्या आधी तिनं त्याला सगळं सांगून टाकलं, तीन वर्षांचं. त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

"मला सांगायचं सोडून देवाचं नाव पुढं केलंस? आन् तिथं जाऊन भलतंच काय निघालं असतं तर? एकटी बाई तू."

"चुकलं माझं."

तो आत गेला, पाणी प्याला, परत आला. "आता बरा हाय का तो?"

"ठाऊक न्हाय," ती म्हणाली. "आज बरा होता."

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं शाळेच्या जिन्यात उभं राहून, वाडीहून निघताना घेतलेला प्रियदर्शनीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. बाराव्या का पंधराव्या रिंगला प्रियदर्शनीनं उचलला. मागं लहान पोरांचं रडणं, खुर्च्या सरकवल्याचा आवाज.

"दवाखान्यातच हाय वो. अजून चौदा नंबर हायत आमच्या पुढं. मघापासनं म्हणत्यात, जाऊ या घरी, जाऊ या घरी."

"त्यांना द्या फोन," संयोगिता म्हणाली.

फोन हातातून हातात गेला. श्वास तेवढा ऐकू आला. वर घंटा झाली, मुलं वर्गात पळाली. संयोगिता पायरीवर बसली आणि तेलाच्या डब्याचा भाव परत कसा वाढलाय, ते त्याला सविस्तर सांगायला लागली.