तीनशे सतरावी ओळ

लॅबमध्ये सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. बावीस वर्षं ती लोकांचं रक्त तपासत आली होती. त्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी तिच्यावर वेगळंच काम सोपवलं. बारा वर्षांपूर्वीचे रिपोर्ट काढायचे, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी यांचा गुणाकार करून त्यावरून एक आकडा मांडायचा. साखर आटोक्यात दिसत असली तरी शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालंय का, याचा अंदाज तो आकडा देतो. हृदयविकाराचीही चाहूल त्यातून लागते का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. म्हणून शेवटच्या रकान्यात लिहायचं होतं, की तो माणूस आज कसा आहे. म्हणजे घरोघरी फोन करणं आलं.

‘ते आहेत का?’ एवढंच ती विचारी. कोणी म्हणे, ‘गेले.’ ती हळहळते न हळहळते तोच पलीकडून खुलासा येई, कामावर गेले. पुष्कळ जण मात्र खरंच गेलेले असत. एका घरी एक म्हातारी ‘आहेत ना, देते हं’ म्हणाली आणि फोन तसाच ठेवून आत गेली. मग खोल्याखोल्यांतून तिच्या हाका ऐकू येत राहिल्या. कोणी ओ देईना. बऱ्याच वेळाने मुलीने फोन उचलून सांगितलं, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आईच्या लक्षात राहत नाही. त्या दिवसापासून ताईला लॅबमधल्या फ्रिजची घरघरही चालू राहिलेल्या फोनसारखी वाटू लागली.

तीनशे सतराव्या ओळीचा नंबर फिरवताना चार आकड्यांनंतर तिचं बोट थांबलं. यादीत नावं नव्हती, नुसते नंबर होते; हा नंबर मात्र तोंडपाठ होता. तो दादाच्या घरचा होता, तिच्या थोरल्या भावाच्या. रिपोर्टवर साखर अठ्ठ्याण्णव, चरबी दोनशे बारा आणि खाली तिची स्वतःची सही. तेव्हा तिनेच त्याला सांगितलं होतं, साखर नॉर्मल आहे, चरबी जराशी वर आहे, ती हल्ली कोणाची नसते? तू पास. त्यानंतर तीन वर्षांनी, शेहेचाळिसाव्या वर्षी, दादा ऑफिसच्या जिन्यात कोसळला तो उठलाच नाही.

तिने गुणाकार तीनदा करून पाहिला. आकडा तिन्ही वेळा सर्वांत वरच्या, म्हणजे धोक्याच्या गटातच गेला.

रकाना तिला कोणाला न विचारताही भरता आला असता. पण मान वर केली तर दादा कपाटाजवळ उभा होता, तिला घरी न्यायला आल्यासारखा, एक हात भिंतीला टेकून. शेवटच्या वर्षी तो असाच उभा राहायचा. दमलाय, यापलीकडे तिच्या मनात तेव्हा काही आलं नव्हतं. आता तिची त्याच्याकडे पुन्हा पाहायची छाती होईना. तिने उरलेले आकडे दाबले.

वहिनीने फोन उचलला आणि ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “दादा आहे का?”



“वन्सं,” वहिनी म्हणाली, “काय झालंय तुम्हाला?”

मग ताईने काही हातचं न राखता सगळं सांगितलं: आकडा, सही, ‘पास’ म्हटलेलंही.

“ठाऊक आहे मला,” वहिनी म्हणाली. “जिना चढताना धाप लागायची त्यांना. डॉक्टरकडे चला म्हणून मी मागे लागले, की म्हणायचे, बहिणीने पास केलंय.”

“नऊ वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“बोलले असते तर तुम्ही आमच्याकडे यायचं बंद केलं असतं. तेव्हाच पुढे तपासलं असतं, तर ते वाचले असते का?”

तो आकडा हजार माणसांबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल शपथेवर काही सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तेवढ्याची ढाल करावी, असं तिला वाटेना.

“माहीत नाही, वहिनी. पण मी त्याला पुढे तपासायला पाठवायला हवं होतं.”

त्यानंतरच्या सोमवारी वहिनी लेकीला उपाशीपोटी घेऊन आली. पोरगी पंचवीस वर्षांची, बापाच्या बांध्याची. ताईने सुई दुसऱ्या बाईच्या हातात दिली. आकडा वरच निघाला, आणि या वेळी ताईने तो जसाच्या तसा सांगितला. पोरगी रडली, मग डॉक्टरांपुढे नीट बसून तिने सगळं ऐकून घेतलं. आठ महिन्यांत तिचा आकडा बराच उतरला.

पण त्या सोमवारी वहिनी लगेच उठली नव्हती.

“आणि तुमचा?” तिने विचारलं.

ताईने बावीस वर्षांत स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. त्या दिवशी तिनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. वहिनीने तिची बाही स्वतःच्या हाताने वर सारली. ताईचा आकडा दादापेक्षाही वर आला. पुढच्या तपासण्यांत हृदयाची एक रक्तवाहिनी अर्धीअधिक अरुंद झालेली सापडली. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या.

आता तिघी रोज संध्याकाळी चालायला जातात. पोरगी झपझप पुढे निघते, नणंद-भावजय मागून येतात. भाजीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळं बोलून होतं. दादाचा विषय मात्र अजून दोघींपैकी कोणी काढत नाही.