लांब न जाणारा आवाज

बाजारगल्लीतली खोली देताना काकासाहेबानं सत्यशीलाला एकच अट घातली. "आवाज भाईर येता कामा न्हाई. भिताडाला भिताड हाये आपलं. खानदानी घर हाये."

भिताडाला भिताड होतं, ते खरं. खानदानाचं टेंभुर्णीत ज्याला-त्याला माहीत आहे, मी इथं उगाळत बसत नाही.

सत्यशीला मान हलवून मोकळी झाली. ती काय करणार? गावात दुसऱ्या कुणी खोली दिलीच नसती. एकटी बाई, त्यात धनगराची, त्यात नवऱ्याचं घर सोडून आलेली, आणि धंदा काय, तर कॉम्प्युटरवर पोरांना गेम खेळवायचा, गाणी लावून द्यायची, कुणाचा अर्ज टाइप करून द्यायचा. नवऱ्यानं टाकली असं लोक म्हणायचे. ती तोंडावर सांगायची, "मीच टाकला. लई जड झाल्ता." लोक हसायचे, पण खोली विचारली की हसणं बंद.

म्हणून ही खोली तिचा जीव होती. खोली गेली तर जालन्याला जाऊन केलेला कोर्स, जुना विकत घेतलेला कॉम्प्युटर आणि स्वतःच्या कमाईचा भाकरतुकडा, सगळं एका दमात गेलं. मग बापाच्या मेंढरांमागं नाहीतर परत त्या जड माणसाकडं.

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या दोन स्पीकरांतला एक मेला होता. दुसरा असा फाटका वाजायचा की बंदुकीची गोळी सुटली की पोरं म्हणायची, "ताई, गोळी मारली का पापड मोडला?" परीक्षा संपल्या, सुट्ट्या लागल्या, ऐन कमाईचे दिवस आले, आणि पोरं स्टँडवरच्या दुकानात पळायला लागली. तिथं मोठे स्पीकर होते. गाडी आपटली की म्हणे छातीत धडकी भरायची.

आता अडचण बघा. पोरांना छातीत धडकी पाहिजे. काकासाहेबाला भिंतीपलीकडं चिडीचूप पाहिजे. आणि सत्यशीलाच्या हातात बाराशे रुपये.

बापाला घेऊन ती जालन्याला गेली. बाप म्हस्कू. जन्म मेंढरांमागं गेलेला, कान असे की डोंगरापलीकडची आपली मेंढी ओळखणार. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्यांच्या हापिसांच्या ओळीत ते दुकान. दुकानदारानं आधी म्हस्कूच्या पटक्याकडं बघितलं, मग सत्यशीलाच्या चपलांकडं. मग दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत बसला. शहरातल्या दुकानदारांना ही विद्या कोण शिकवतं ते मला कळत नाही, पण सगळ्यांना येते.

"स्पीकर पाहिजेत," सत्यशीला मोठ्यानं म्हणाली. "गाण्याला बी चालले पाहिजेत आन् गेमला बी."

"घरात मुलगा आहे का गेम खेळणारा?"

"न्हाई. मीच खेळते."

दुकानदार हसला. खोक्यावरचा आकडा दाखवत म्हणाला, "हे न्या. हजार वॅट."

"हजार वॅट असते तर तुमच्या दुकानाचा फ्यूज उडाला असता, भाऊ. आकडा नका दाखवू. वाजवून दाखवा." कोर्समध्ये तिनं एवढं तरी शिकून घेतलं होतं. पिशवीतून तिनं दोन सीड्या काढल्या, एक गाण्यांची, एक गेमची.

तिच्या पैशात बसणारे दोनच होते. एक जोडी उभ्या डब्यांची, आवाज कोरा, धारदार. गाण्यातला शब्द न् शब्द सुटा ऐकू येत होता. दुसरा संच म्हणजे दोन चिमुकले स्पीकर आणि खाली ठेवायचा एक चौकोनी डबा. शब्द जरा घशात अडकल्यासारखे, पण खालून धप् धप् येत होतं. गेममधली गाडी कठड्याला आपटली तेव्हा काउंटरवरची टाचणी हलली.

"आबा," सत्यशीलानं बापाला कोपऱ्यात घेतलं, "तुमी रस्ता वलांडून पलीकडं जावा. आपण घंटी घेतो तसं."

मेंढरांच्या गळ्यातली घंटी धनगर दुकानात उभा राहून घेत नाही. एकजण घंटी वाजवत थांबतो, दुसरा चालत लांब लांब जातो. जिचा आवाज सगळ्यात लांबवर येईल ती घंटी घ्यायची. कानाजवळ गोड वाजणारी काय कामाची? मेंढरू कानाजवळ हरवत नाही.

म्हस्कू खुशीत निघाला. सत्यशीलानं त्याची बाही धरली. "पर आज उलटं करायचं. ज्याचा आवाज लांब येत न्हाई तो सांगा."

म्हातारा तिच्या तोंडाकडं बघतच राहिला. "न ऐकू येणारी घंटी कोण घेतं गं?"

"काकासाहेबाच्या भिताडाला भिताड असणारं घेतं."

तो गेला. ऑटो, मोटरसायकली, बियाण्यांची पोती भरलेला टेम्पो, सगळ्यांच्या पलीकडं जाऊन कानावर हात धरून उभा राहिला. सत्यशीलानं पहिली जोडी वाजवली. म्हस्कूनं तिकडून मान डोलावली. आला! तिनं दुसरा संच लावला. म्हस्कू एक पाऊल पुढं आला. आणखी एक. अर्धा रस्ता ओलांडून ऑटोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या तेव्हा कुठं त्यानं मान डोलावली.

"पयली घे," परत येऊन तो म्हणाला. "टेंपोच्या आवाजातून सुदिक बराबर आली. मोकळा गळा हाये. दुसरीचा आवाज दुकानाच्या पायरीवरच बसून राह्यला."

"मंग दुसरीच."

"पोरी, पयली चांगली हाये."

"चांगली हाये म्हणूनच न्हाई घ्यायची, आबा."

परतीच्या जीपमध्ये खोकं म्हस्कूच्या मांडीवर होतं. टेंभुर्णी येईपर्यंत तो रस्त्याकडंच बघत बसला.

पोरं मात्र फिरली. डब्याची धप् ऐकायला पहिल्याच दिवशी खोली भरली. सत्यशीलानं आवाजाच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली. या टिकलीच्या पुढं बटण फिरवायचं नाही. टिकली लावायच्या आधी ती गल्लीत गेली, काकासाहेबाच्या दारापुढं चप्पल तुटल्याचं सोंग करून उभी राहिली, कान दिला. काही नाही. आत आली, केसभर बटण पुढं केलं, परत चप्पल तुटली. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातली केशरबाई ओरडली, "सत्यशीले, एकदाची नवी चप्पल घे की गं!"

तिसऱ्या दिवशी काकासाहेब दारात. "काय घुमून राह्यलंय? भिताडातून येतंय समदं."

हवेतून आवाज लांब जात नाही, हे तिनं बापाच्या कानानं मोजून घेतलं होतं. पण भिंत? रस्त्याच्या पलीकडं भिंत नव्हती. डबा जमिनीवर, जमीन भिंतीला लागलेली. भिंतीचा विचारच केला नव्हता. आपणच चुकलो, आता खोली जाते, एवढंच तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

तिनं घरून घोंगडी आणून घडी करून डब्याखाली घातली. म्हस्कूनं बघितलं. "घोंगडी अंगावर घ्यायची असती. डब्याला काय थंडी वाजून राह्यली का?"

चार दिवसांनी काकासाहेब परत. "बायकोचं डोकं उठतंय."

तिनं डबा काकासाहेबाच्या भिंतीपासून काढून पलीकडच्या भिंतीला सरकवला. टिकली काढून अलीकडं लावली. पोरं कुरकुरली. "ताई, आता पापड बी मोडंना."

परत काकासाहेब. या वेळी बरोबर पुतण्या तातेराव. काका आवाजाचं बोलत होता आणि पुतण्या शटरच्या रुंदीकडं बघत होता, वर पाटीच्या जागेकडं बघत होता. तातेरावाच्या खिशात दोन मोबाईल आणि तोंडात गावभर एकच गोष्ट, अक्षय तृतीयेला मोबाईलचं दुकान टाकणार. कुठं, ते सांगायचा नाही. सत्यशीलानं हे ऐकलं होतं. पण भ्यालेल्या माणसाला दोन आणि दोन चार दिसत नाहीत. तिला फक्त डबा दिसत होता.

तिचा एक कान खोलीत आणि एक भिंतीत अडकला. गिऱ्हाईक बोलायला लागलं की ती म्हणायची, "हळू बोला." पोरगं हसलं की दचकायची. जेवताना घास हातात धरून थांबायची आणि विचारायची, "आबा, काई घुमून राह्यलंय का?"

"तुह्या डोक्यात घुमतंय," म्हस्कू म्हणायचा.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. त्याच काकासाहेबाच्या घरच्या लग्नात चार दिवस कर्णे वाजले होते. म्हशी दूध देईनात, तरी गावानं हूं की चूं केलं नाही. आवाज कुणाचा आहे ते बघून लोकांचं डोकं उठतं.

मग तो दिवस आला. चैत्राचं ऊन, दुपारची लाईट गेलेली. ती रोजच जायची. खोलीत चार पोरं आपली पाळी वाया जाऊ नये म्हणून खुर्च्या धरून बसली होती. कॉम्प्युटर काळा, डब्यावरचा तांबडा दिवा विझलेला. म्हस्कू उंबऱ्यावर तंबाखू मळत होता. वाराही नव्हता. केशरबाईच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या.

काकासाहेब तरातरा आला. अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून पडला होता, कपड्यांना पाला लागलेला. लिंबाखाली पंखा नसतो. लाईट गेल्याचं त्याला कुठून कळणार?

"किती येळा सांगायचं?" तो दारातूनच गरजला. "आत्ता, ह्या घडीला बी घुमून राह्यलंय! डोळ्याला डोळा लागू देत न्हाई! बंद कर ते!"

सत्यशीला सवयीनं उठली. हात बटणाकडं गेला. आणि तिथंच थांबला.

मग एक पोरगं फिसकन हसलं. "आजा, लाईट कुठंय?"

बाकीची पोरंही हसली. म्हस्कूनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि शांतपणे विचारलं, "काकासाहेब, कशाचा आवाज आला म्हणता? माहे कान तर बरे हायेत अजून."

काकासाहेबाचं तोंड लाल झालं. त्यानं काळ्या पडद्याकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं. चूक कबूल करायची त्याच्या घरात चाल नव्हती. "खोली माही हाये," तो म्हणाला. "आवाज असो नाहीतर नसो. अक्षय तृतीयेच्या आत मोकळी कर."

"तातेरावाला द्यायची हाये ना?" सत्यशीलानं बटणाकडं गेलेला हात मागं घेतला. "मंग तसं म्हणायचं व्हतं, काका. पयल्याच दिवशी. म्या डब्याखाली घोंगडी अंथरत बसले. तुमी आम्हाला नुसतं भ्यायला लावलं."

"जास्त बोलू नको."

"आजवर बोललेच न्हाई. पोरांला बी हळू बोलायला लावलं."

काकासाहेब गेला. पोरं हसायची थांबली, कारण ताई हसत नव्हती. ती खुर्चीवर बसली. ज्याची एवढी धास्ती घेतली होती ते झालं होतं. अक्षय तृतीया तोंडावर, नवी खोली कोण देणार? गल्लीतलं एकेक दार तिच्या डोळ्यांपुढून गेलं आणि बंद झालं.

चारच्या सुमाराला लाईट आली. डब्याचा तांबडा दिवा लागला.

सत्यशीला उठली. डब्याखालची घोंगडी तिनं ओढून काढली, झटकली, बापाच्या खांद्यावर टाकली. डबा उचलून दारात ठेवला, तोंड गल्लीकडं. बटणावरची टिकली नखानं खरडली.

"आबा, जावा."

"कुठं?"

"लांब. घंटी घ्यायला जाता तसं. सुलटं."

म्हस्कूला एवढंच पाहिजे होतं. तो बाजारगल्लीतून चालायला लागला. सत्यशीलानं गाणं लावलं आणि बटण शेवटाला टेकेपर्यंत फिरवलं. धप् धप् झालं. पायरीवरची धूळ थरथरली. गाण्यातली बाई गात होती, पण घशात बोळा घातल्यासारखी.

म्हस्कू पिठाच्या गिरणीपर्यंत गेला, थांबला, कानावर हात ठेवला, दोन पावलं मागं आला, आणखी चार पावलं मागं आला. मग परतच आला.

"गिरणीपस्तोर बी पोचंना," तो म्हणाला. "पयली घ्यायला पाहिजे व्हती. म्या सांगत व्हतो."

"सांगत व्हता."

"बिलकुल मोकळा गळा व्हता तिचा."

समोरून केशरबाईनं बांगड्यांच्या टोपलीवरून मान वर केली. काकासाहेब येऊन गेल्याचं तिनं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. ती बाजारगल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "सत्यशीले! गाणं चांगलं हाये गं! मोठं कर की जरा!"

सत्यशीलाचा हात बटणावरच होता. तिनं आणखी रेटून पाहिलं. बटण जागचं हललं नाही.

"ह्याच्याहून मोठं व्हत न्हाई, मावशी," ती म्हणाली. "भिऊन आणलेलं हाये ते."