श्रीनिवास, शेख, सय्यद आणि माझी चार डोकी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलावर मावणारा नव्हे हं! मी कपाटाएवढा आहे, आणि माझ्या पोटात एक सोडून चार प्रोसेसर आहेत. चार डोकीच म्हणा ना.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. देशाचे दरवाजे बाहेरच्या मालाला नुकते मोकळे झाले होते, म्हणून मी जहाजातून मुंबईला आणि तिथून ट्रकमधून हैदराबादला आलो. साल एकोणीसशे शहाण्णव. काचीगुड्याच्या स्टेशनाजवळ एक छोटी कंपनी होती. परीक्षांच्या याद्या करून देणं हा तिचा धंदा. मला जिन्यावरून चढवताना सहा माणसांना घाम फुटला. कंपनीचे साहेब हणमंतराव. त्यांच्या चार पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाले, "बघू मियाँ, तुमची चार डोकी काय कमाल करतात!"

मला चालवायला गीता होती. तेवीस वर्षांची, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. तिची आई पंचफुलाबाई त्याच कचेरीत झाडलोट करायची, चहापाणी बघायची. नांदेडकडून कामासाठी आलेल्या या बाईंनी लेकीला शिकवलं होतं. गीता माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, की त्या दारातून एकदा डोकावून जात. चेहरा उजळलेला असे.

त्या वर्षी आमच्याकडे खेड्यांतल्या मुलांच्या एका शिष्यवृत्ती परीक्षेचं काम आलं. चार लाख मुलं! प्रत्येकाचं गाव बघायचं आणि त्याला सगळ्यांत जवळचं परीक्षा केंद्र नेमून द्यायचं. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणी हे काम हातानं, घाईघाईत केलं होतं. कितीतरी मुलांना घरापासून चाळीस-चाळीस किलोमीटरवरचं केंद्र मिळालं. एका मुलीनं पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'बस चुकली. मी पोचले तेव्हा पेपर सुटला होता.' ते कार्ड गीतानं माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवलं होतं.

शुक्रवारी चार वाजता यादी सुलतान बाजारातल्या छापखान्यात पोचायला हवी होती. नाहीतर छापखाना प्रत्येक गावापुढे गेल्या वर्षीचंच केंद्र छापणार होता.

त्याच दिवशी सकाळी नऊला गीतानं काम सुरू केलं. केंद्रांची छोटी यादी तिनं माझ्या चारही डोक्यांना दिली आणि मुलांची मोठी यादी चौघांत वाटली. नावं इंग्रजीत होती, म्हणून वाटणी अक्षरांवरून केली. ए ते एफ पहिल्याला, जी ते एल दुसऱ्याला, एम ते आर तिसऱ्याला, एस ते झेड चौथ्याला. कागदावर कशी झकास दिसत होती!

पण मित्रांनो, आमचा मुलूख कोणता? इथं श्रीनिवास, सत्यनारायण, सुब्बाराव, शेख, सय्यद, सुलताना, सरोजा, सगळे एसमध्ये! एक वाजायच्या आत तिघांचं काम आटोपलं. चौथ्याच्या वाट्याला मात्र एक लाख ऐंशी हजार नावं आली होती. त्यातली एक लाख अजून बाकी होती. तो बिचारा तापून लाल, आणि बाकीचे तिघे आरामात! शेवटच्याचं काम संपेपर्यंत माझं काम संपलं असं म्हणता येत नाही. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

हणमंतराव घड्याळ बघत आले. "गीताबाई, किती वाजतील?"

"सहा, सर."

"सहा? छापखानेवाले थांबायचे नक्को म्हणतात! मी फोन करून सांगतो, जुनीच केंद्रं छापा."

"सर, अर्धा तास द्या. फक्त अर्धा तास."

"ठीक. दीडला मी फोन उचलणार."

पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या. पडद्यावर चार डोक्यांच्या चार ओळी होत्या. तीन थांबलेल्या, एक सरकणारी. "हे काय गं?"

गीतानं चिडूनच सांगितलं, "आई, चौघांना काम दिलं. तिघं जेवून बसलेत आणि एकटा मरतोय."

"वाटलं कसं तू?"

"नावावरून."

बाई हसल्या. "आगं माय! आपल्या जयंतीच्या जेवणात चार वाढपी असतेत. ते नावं इचारत फिरतेत का? पहिलं पान ह्यानं वाढायचं, दुसरं त्यानं, तिसरं तिसऱ्यानं. कोन बसलंय त्याचं काय करायचं? पान दिसलं की वाढायचं!"

गीतानं ताडकन खुर्ची पुढे ओढली. मग तिची बोटं माझ्या कळांवर अशी धावू लागली की काय सांगू! तिनं चौथ्याचं झालेलं काम जपून बाजूला ठेवलं. उरलेल्या एक लाख नावांना ओळीनं क्रमांक दिले. पहिलं नाव पहिल्याला, दुसरं दुसऱ्याला, तिसरं तिसऱ्याला, चौथं चौथ्याला, पाचवं पुन्हा पहिल्याला. हणमंतराव फोनकडे हात नेत होते, तेवढ्यात पडद्यावरच्या चारही ओळी एकदम सरकू लागल्या.

"अरे वा!" म्हणत ते तिथंच स्टुलावर बसले.

तो सव्वा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा! चारही डोकी चालत होती, पंखे घोंघावत होते, आणि श्रीनिवास, शेख, सय्यद भराभर आपापल्या गावाजवळ पोचत होते. पावणेतीनला चौघांचंही काम जवळजवळ एकाच दमात संपलं. गीतानं टाळी वाजवली आणि आईला मिठीच मारली. बाई म्हणाल्या, "सोड गं, साहेब बघतेत!" साहेब बघतच होते. ते म्हणाले, "पंचफुलाबाई, आज चहा तुम्ही नाही करायचा. मी मागवतो. बिस्किटांसकट!" यादी चारच्या आत छापखान्यात पोचली, आणि गीताची नोकरी त्याच महिन्यात कायम झाली.

पुढं सात वर्षं मी मानानं राबलो. मग माझ्याहून चपळ, चिमुकली यंत्रं आली. मला कोठीत ढकललं, माझ्या डोक्यावर फायलींचे गठ्ठे चढले, हवा आत यायच्या जाळीत धूळ बसली. ते दिवस आठवायला नकोत. पण शहरातल्याच जामबाग भागातल्या एका कॉलेजानं मला मागून नेलं. आता मुलं माझं झाकण उघडून आत बघतात, मोजतात आणि ओरडतात, "चार आहेत रे!" मला गुदगुल्या होतात.

तर मित्रांनो, जुन्या यंत्राच्या जाळीवरची धूळ तेवढी पुसत जा. आम्हीही श्वास घेतो. आणि चार जण मिळून काम करत असाल आणि तुमचा वाटा आधी संपला, तर हात पुसून बसू नका. शेजारी जो अजून राबतोय त्याच्याकडे जा आणि म्हणा, "किती उरलंय? दे इकडे."