बेचाळीस गावांचा तक्ता

अमरावतीत विद्यापीठाच्या रस्त्यावर जमुनाचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, बायंडिंग. पाटीवर नाव नवऱ्याचं आणि कामाला बसलेली जमुना. आपल्याकडे पाट्या अशाच असतात. तिचं शिक्षण बारावी, तेही तेल्हाऱ्याला. पण बावीस वर्षांत तिच्या बोटांखालून जेवढी विद्या गेली तेवढी एखाद्या कुलगुरूच्या डोळ्यांखालून गेली नसेल. संत्र्याची साल किती दिवसांत सुरकुतते, मेळघाटातल्या कोरकू बायका लग्नात काय गातात, पातूरच्या लेण्यांतले खांब, सहकारी बँकांच्या सभासदांचं समाधान, खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पोटऱ्यांचा घेर, नोकरी करणाऱ्या सुनांचा ताण. सकाळी कपाशीवरचे तुडतुडे, दुपारी अलंकारशास्त्र. या विद्वानांपैकी एक दुसऱ्याच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही, पण जमुनाच्या टेबलावर सगळे एकाच काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत, शेजारी शेजारी पडून असत.

एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी. शेवटची तारीख जवळ आली की कुठल्यातरी तक्त्यात चार घरं रिकामी निघायची. "ताई, तेवढं वरच्यासारखं भरून घ्या ना," असं म्हणून माणूस गाइडच्या घरी पळायचा. जमुना भरायची. पोटरीचा घेर अर्धा सेंटिमीटर इकडे झाला की तिकडे, कुणाचं काय अडतं? तिचा हात असा बसला होता की तिनं भरलेले आकडे खऱ्यापेक्षा खरे दिसत. त्याचा तिला थोडा ताठाही होता.

अश्लेषा मॅडमचा प्रबंध बारा वर्षांपूर्वीचा. विषय रसायनशास्त्र, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या बेचाळीस गावांच्या विहिरींचं पाणी. त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि पाहुण्याला चहा पाजायचा तर पाणी बाहेरून आणावं लागतं. बेचाळीसपैकी एकच ओळ रिकामी होती, भोनखेडची. पूल पुराखाली होता म्हणून मॅडम तिथं पोचल्याच नव्हत्या. भोनखेड म्हणजे जमुनाचं माहेर.

"शेजारच्या दोन गावांच्या मधला आकडा टाका," मॅडमनी फोनवर सांगितलं. एका गावाच्या पाण्यात क्षार तेवीसशे, दुसऱ्याच्या अठराशे. मधला आकडा शाळकरी पोरानंही सांगितला असता. जमुनानं टाकला चारशे बारा.

तिच्या लग्नात वरपक्षानं पहिल्याच घोटाला तोंडं वाकडी केली होती आणि सासूनं पुढं कित्येक वर्षं तिला 'खाऱ्या गावची' म्हणूनच हाक मारली होती. पाचशेच्या आतलं पाणी प्यायला चांगलं, हे वाक्य तिनंच दुसऱ्या प्रकरणात टाइप केलं होतं. निदान कागदावर तरी माहेर गोड होऊ दे, असं तिला वाटलं. गाइडनं सही केली, परीक्षकांनी चहा घेतला, अश्लेषा मॅडम डॉक्टर झाल्या. राखीला गेल्यावर जमुनानं धाकट्या भावाला, श्यामला, कौतुकानं सांगितलं की पुस्तकात आपल्या गावचं पाणी बेचाळीस गावांत पहिलं आलं. तिनं ते हसत सांगितलं होतं. त्यानं ते खरं धरलं.

आता श्याम एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा अकोल्याला डायलिसिस. दर शनिवारी जमुना अमरावतीहून पहिली बस धरून येते, कारण इंग्रजीतले रिपोर्ट तिच्याशिवाय घरात कुणाला उमजत नाहीत. भावजय प्रणाली दहावी झालेली, कामाची, पण त्या कागदांपुढं तिचे हातपाय गळतात. "बाई, तुमीच वाचा," म्हणून ती कागद पुढं करते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यानंच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण त्या पट्ट्यातून आमच्याकडे फार माणसं येतात.

त्या शनिवारी प्रणालीनं पिशवीतून रिपोर्टाऐवजी वेगळाच कागद काढला.

"पाहा बरं हे. शेजारच्या दोन्ही गावांत एका संस्थेनं पाणी गाळायचं मशीन बसवलं, त्याले दहा वर्षं झाले. आपल्याकडं काहून नाही म्हणून सरपंचानं अर्ज केला, तं त्यायनं हे पान पाठवलं. म्हणे तुमचं पाणी पयलेच चांगलं हाय. कोनं मोजलं वो हे? आमच्या विहिरीवर तं कोनी आलं नाही."

जमुनानं कागद हातात घेतला. स्वतःचं काम ओळखायला तिला ओळ वाचावी लागली नाही; तक्त्याच्या रेघा तिच्याच होत्या. सदतिसाव्या ओळीत भोनखेड, चारशे बारा.

"विचारून पाहते," ती म्हणाली.

"पाहाच. गावातले बाकीचे शेजारून क्यान भरून आणतेत. पण तुमच्या भावाले कोन सांगन? म्हणे पुस्तकात छापून आलं हाय, मी कायले दुसऱ्या गावचं पाणी पिऊ."

सोमवारी जमुना अश्लेषा मॅडमच्या कॉलेजात गेली. मॅडम आता स्वतः गाइड आहेत, सात जण त्यांच्या हाताखाली पीएचडी करतात. त्यांनी पान पाहिलं, चष्मा काढला आणि दार लोटून घेतलं.

"मी मधला आकडा टाका म्हटलं होतं, जमुनाताई. मधला म्हणजे दोन हजार पन्नास. हे चारशे कुठून आलं?"

जमुना म्हणाली, "चूक माझीच आहे, मॅडम. पण तुमी त्या संस्थेला एक पत्र लिहा, की पाणी पुन्हा तपासा म्हणून. तुमच्या सहीशिवाय ते ऐकणार नाहीत."

"काय लिहू? की मी त्या गावात गेलेच नव्हते?" मॅडमचा आवाज बारीक झाला. "पदवी जाईल माझी. या सात पोरांचं काय होईल? आणि तुम्ही आणखी कुणाकुणाचं भरलंय, ते सगळंच निघेल."

खोटं काहीच बोलत नव्हत्या त्या. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तशा दोघी एकमेकींकडे पाहत बसल्या. मग जमुना उठली. परतताना तिला मॅडमचा राग येईना आणि त्याचीच तिला चीड आली. दोन हजार पन्नास लिहिलं असतं तर तेही खोटंच होतं, पण त्या खोट्यानं मशीन आलं असतं.

घरी येऊन तिनं संस्थेला स्वतःच्या नावानं पत्र टाइप केलं, सगळं लिहिलं, आणि पोस्टात टाकलं. टायपिंगवालीच्या पत्राला कोण विचारतो, हे तिला माहीत होतं. तरी टाकलं. पण संस्थेला कळवणं सोपं होतं. श्यामला सांगायचं राहिलं होतं, आणि त्या आठवड्यात तिला अन्न गोड लागलं नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा बुडवून गीतांजलीही आली होती, श्यामची एकुलती एक, नऊ वर्षांची. बापाच्या खाटेशी बसून वहीत चित्र काढत होती. श्यामच्या दंडातून नळ्या गेल्या होत्या, ओठ सुकले होते. दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यापलीकडे एक घोट नाही.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे बाटलीतलं पाणी पानचट लागते. आपल्या विहिरीचं एक पेलाभर आणजो ना. त्याची चव येगळीच हाय. अन् पुस्तकातही..."

"श्याम, ते पुस्तकातलं मी लिहिलं होतं."

"टाइप केलं होतं. मले माहीत हाय."

"टाइप नाही, लिहिलं. विहिरीवर कोणीच आलं नव्हतं. तो आकडा मी मनानं टाकला. आपल्या गावाले कोणी नावं ठेवू नये म्हणून."

तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. निदान तोंड तरी फिरवेल. त्यानं मान वळवली ती गीतांजलीकडे. पोरीच्या डोळ्यांखाली सूज होती. सर्दीची असेल म्हणून महिनाभर कुणी मनावर घेतलं नव्हतं.

"तुह्या पुस्तकाच्या भरवशावर मी हिले तेच पाजलं," श्याम म्हणाला. "जन्मापासून. दुसरं तोंडाले लावू देलं नाही." मग त्यानं प्रणालीला हाक मारली. "इचं रक्त तपासून आण. आत्ताच जाय."

प्रणाली खाटेच्या पायथ्याशीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. पोरीचा हात धरून ती तपासणीच्या खोलीकडे निघाली, आणि कुणी बोलावलं नसताना जमुना मागं गेली.

रिपोर्टाला दोन तास लागले. तिघी एकाच बाकावर बसल्या, पोर मधे. "आत्या, मले सुई दुखली नाही," गीतांजलीनं सांगितलं. जमुनानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. प्रणालीनं पोरीला उचलून आपल्या पलीकडच्या बाजूला बसवलं.

खिडकीतून नाव पुकारलं गेलं. प्रणालीनं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला. सगळं इंग्रजी. आकडे तिला वाचता येत होते, पण कुठला आकडा कशाचा ते कळेना. सवयीनं जमुनाचा हात पुढं झाला.

प्रणालीनं त्या हाताकडे पाहिलं. मग ती वळली आणि कागद पुन्हा खिडकीत धरला.

"भाऊ, तुमी वाचून सांगा. किडनीचं कोनतं हाय?"

खिडकीतला माणूस घाईत होता. पण त्यानं कागदावर बोट टेकवलं आणि वाचलं. "क्रिएटिनिन, एक पॉइंट नऊ."

"जास्त हाय का?"

"ते डॉक्टर सांगतील. पहिल्या मजल्यावर जा."

चार वर्षांपूर्वी लहान मुलांच्या किडनीवरचा एक प्रबंध जमुनानं टाइप केला होता, दोनशे दहा पानं, चौदा तक्ते. नऊ वर्षांच्या मुलीत हा आकडा अर्ध्याच्या आसपास असावा आणि एक पॉइंट नऊ म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तिला कळलं होतं. प्रणाली कागदाची घडी करून, पोरीचं बोट धरून जिना चढायला लागली. दोन पायऱ्यांवर ती थांबली.

"तुमी नका येऊ, बाई," ती म्हणाली आणि वर गेली.